तोफेच्या तोंडावरचे दोरे

हे मी आजवर कुणापुढेही बोललो नाही. बायकोपुढेही नाही — आणि तिला तर मी कारखान्याच्या गेटवर खाल्लेली भजीसुद्धा माझ्या तोंडाकडे बघून कळतात. एवढी एक गोष्ट मात्र तिला कळली नाही. किंवा कळली असेल आणि तिने विचारलं नसेल.

सांगायला बसलो की मी दुसरंच काहीतरी सांगतो, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणजे मी रणगाडा कसा बनवला ते सांगतो. लोकांना ते आवडतं. पत्रा कुठून आणला, चाकांच्या साखळीसाठी सायकलच्या किती चेन तोडल्या, तोफेची नळी लेथवर कशी काढली. ऐकणारा खूश, मी खूश. आजही मी तेच करायला लागलो तर मला थांबवा — पण तुम्ही कसं थांबवणार?

तर मी दिलीप. कारेगावचा. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला. आमचं काम साचे-हत्यारं घडवायचं, केसाच्या जाडीएवढ्या फरकाचं, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. घरातली भिंतीवरची तसबीर जरा तिरकी असली तरी मला जेवण जात नाही. गावात मला टँकवाला दिलीप म्हणतात. हे नाव कारगिलच्या वर्षी मिळालं. त्या वर्षी जिकडेतिकडे गणपतीत लढाईचे देखावे होते, आणि आमच्या मंडळानेही ठरवलं की रणगाडा करायचा. पुठ्ठ्याचा नको. खऱ्यासारखा. खऱ्याच्या एक पंचमांश मापाचा, वरचा बुरूज फिरणारा, तोफ वरखाली होणारा. तो मी करायचा.

खऱ्यासारखा करायचा तर खरं माहीत असलेला माणूस हवा. असा माणूस गावात एकच होता. किसन आप्पा कोकरे. गाव त्यांना गनर आप्पाच म्हणायचं.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आप्पा मात्र पोरवयातच फौजेत गेले आणि रणगाड्यावर लागले. एकाहत्तरच्या लढाईत ते तोफेमागे बसले होते, गनर म्हणून. परत आले ते वडिलांनी घेतलेल्या तुकड्यावर शेती करायला लागले, चार मेंढ्या दारात ठेवल्या, बाकी आयुष्य शांत. पण पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेत पहिली खुर्ची त्यांची. पांढरा नेहरूशर्ट, त्यावर पदकं, डोक्याला कडक टोपी. हेडमास्तर त्यांना बोलायला सांगायचे आणि ते दरवर्षी तेच तेच बोलायचे, की तोफेमागे बसलेल्या माणसाला लढाई दिसत नाही, फक्त दुर्बिणीतलं गोल दिसतं, बाकी सगळा अंधार. पोरं तरीही ऐकायची. आप्पांकडे दुसरं होतं काय? जमीन खडकाळ, बायको गेलेली, मुलगा बाळू दुधाचा टेम्पो चालवायचा. एवढंच एक नाव होतं त्यांचं, गनर.

आप्पा रोज संध्याकाळी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचे. पोत्यावर बसायचे, तंबाखू मळायचे आणि बघत राहायचे. विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. मी नळी बसवली त्या दिवशी मात्र ते उठले. नळीच्या तोंडाशी गेले, बोट आतून फिरवलं, आणि म्हणाले, "हिला दोरं लावलं न्हाईस."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. नळी बघते एकीकडे आणि दुर्बीण बघते दुसरीकडे, असं झालं तर गोळा भलतीकडेच जातो. म्हणून गाडी हलली, खडबडीत रस्त्याने आली, की गनरचं पहिलं काम म्हणजे दोन्हींची नजर एका ठिकाणी आणणं. नळीच्या तोंडावर दोन दोरे फुलीसारखे ताणायचे, ग्रीसने चिकटवायचे. मागून नळीतून बघायचं. दूरच्या एखाद्या झाडाच्या शेंड्यावर ती फुली आणायची. मग दुर्बिणीतली खूण त्याच शेंड्यावर आणून पक्की करायची.

"दोरे कुठले वापरायचात?" मी विचारलं.

आप्पा हसले. शर्ट वर केला, कमरेचा काळा करदोडा पुढे ओढला, त्यातले दोन पदर दातांनी तोडले. "लढाईत दुकान कुठं उघडं असतंय? म्या हेच वापरलंय कैकदा." आणि माझ्या डब्यातलं ग्रीस घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने ते दोन काळे दोरे माझ्या नळीच्या तोंडावर ताणून बसवले. फुली बरोबर मध्यावर आली. मी नंतर व्हर्नियर लावून मोजून पाहिलं. माझी सवयच ती.

तो दिवस चांगला होता. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की आमच्यात आधीपासूनच काही होतं. नव्हतं.

पुढच्याच संध्याकाळी मंडळाची सगळी मंडळी शेडमध्ये जमली होती. मी बुरुजावर दुर्बिणीची काच बसवायला घेतली होती, उजव्या बाजूला. तशी मी एका मासिकातल्या चित्रात पाहिली होती. आप्पा पोत्यावरून म्हणाले, "उजवीकडं कशापायी? गनर डावीकडं बसतोय. मी डावीकडं बसायचो. असं केलंस तर लेकरांचं खेळणं झालं हे."

खेळणं. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, टूलरूमवाल्याची टूलरूम चुकली. साधीच थट्टा होती, आमच्याकडे रोज चालते तसली. पण मला ती लागली. मोठमोठे इंजिनियर माझ्या कामाला हात लावत नाहीत, आणि मंडळाच्या पोरांसमोर मला खेळणं ऐकावं लागलं. एवढ्याशा गोष्टीचा राग धरणारा माणूस कसा असतो? असा असतो. माझ्यासारखा.

मी रविवारी मोटारसायकल काढली आणि नगरच्या बाजूला गेलो. तिथे एका चौकात जुना रणगाडा चौथऱ्यावर ठेवलेला आहे. टेप घेऊन मी त्याच्यावर चढलो, हवालदार येईपर्यंत मापं घेतली, फोटो काढले. आणि गनरच्या दुर्बिणीची खिडकी उजवीकडे होती. स्वच्छ उजवीकडे. मला जो आनंद झाला तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. आप्पा चुकले होते! लढाईतला माणूस स्वतःची बाजू विसरेल? म्हणजे मग ते तिथे बसलेच नव्हते. गोळे भरत असतील. किंवा भटारखान्यात असतील. परतीच्या रस्त्यावर मी हेच घोळवत आलो आणि मला फार मजा वाटत होती.

घरी जाऊन आप्पांना एकट्यात सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं की आप्पा, मी असं असं पाहून आलो, तुमची गाडी कुठली होती? एवढा एक प्रश्न. मी तो विचारला नाही. मी दुर्बीण उजवीकडे बसवली, बारीकसारीक तपशिलासकट, आणि उद्घाटनापर्यंत बुरुजावर कापड टाकून ठेवलं.

उद्घाटनाला पुण्याहून एक निवृत्त मेजरसाहेब आले होते. भला माणूस. गर्दी ही एवढी. आप्पा पदकं लावून पहिल्या रांगेत. कापड काढलं, टाळ्या झाल्या, साहेब खाली वाकून वाकून बघायला लागले. आणि मी माईकजवळच विचारलं, "साहेब, गनर कुठल्या बाजूला बसतो?"

मला उत्तर माहीत होतं. का विचारलं हेही मला माहीत होतं.

साहेब माझ्या रणगाड्याकडे बघत म्हणाले, "उजवीकडे. तुम्ही बरोबर दाखवलंय."

"आमचे गनर आप्पा तर म्हणतात डावीकडे," मी म्हणालो. तेही माईकवरच.

हशा पिकला. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं. आप्पा उठले. "साहेब, आमची गाडी येगळी हुती—" एवढं बोलले, आणि तेवढ्यात कुणीतरी आरतीची खूण केली असं समजून ताशा सुरू झाला. साहेबांना ऐकूच गेलं नाही. मला गेलं. मी त्यांच्या जवळच उभा होतो.

इथपर्यंतचं गावाला ठाऊक आहे. दिलीपने आप्पांची फजिती केली, हे सगळ्यांनी पाहिलं, आणि बऱ्याच जणांना त्यात काही वाईट वाटलं नाही. जे कुणाला ठाऊक नाही ते यानंतरचं.

आरती झाली. साहेब परत रणगाड्याजवळ आले आणि नळीच्या तोंडाशी थांबले. चष्मा काढून त्यांनी ते दोन दोरे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? बाहेरच्या माणसाला हे सुचत नाही. हे गनरचं काम आहे. ज्यानं स्वतः केलंय तोच असं लावेल."

आप्पा माझ्या बाजूलाच होते, हात पुढे केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. त्यांनीही ते ऐकलं. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येत नाही. आशाच म्हणतात ना त्याला? ते माझ्याकडे बघत होते. आता हा सांगणार, असं त्यांना वाटत होतं. का वाटू नये? त्यांच्याच कमरेचा दोरा होता तो.

मी म्हणालो, "वाचलं होतं साहेब, एका पुस्तकात."

बस. हेच ते. एवढं सांगायला मी इतकी पानं घेतली.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. आपलं कार्ड दिलं. आप्पांनी खाली बघितलं, शर्टाचं टोक दोन्ही हातांनी खाली ओढलं, जणू कमरेचं काही उघडं पडलं होतं, आणि ते गर्दीतून निघून गेले. ते तिथे बोलले का नाहीत, 'हे मी सांगितलं' असं ओरडले का नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केलाय. पण त्यांच्या न बोलण्याचा विचार मी कशाला करायचा? बोलायचं मी होतं.

आमच्या देखाव्याला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. आणि आप्पांच्या मागे एक वाक्य लागलं. चहाच्या टपरीवर, दूध डेअरीवर, कुणीही भेटलं की, "काय आप्पा, डावीकडं का उजवीकडं?" सुरुवातीला ते थांबून सांगायचे. गाडी वेगळी होती, बाबा. लोक मान हलवायचे आणि डोळा मारायचे. कुणीतरी पेन्शनचे कागद बघितले म्हणे. कागदावर हुद्दा होता, पण गाडीत कुठे बसायचे ते काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या सव्वीस जानेवारीला त्यांना बोलावणं गेलं, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या वेळी बोलावणंच गेलं नाही.

एकदा ते माझ्या घरी आले. ओसरीच्या कडेला टेकले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. दोऱ्यांचं नावही काढलं नाही. म्हणाले, "दिलीप, त्या साहेबांचा पत्ता हाय का तुझ्याकडं? आमची गाडी रशियन हुती. इथली न्हाई. एवढंच त्यास्नी कळवायचं हुतं. त्यास्नी ठावं आसंल."

कार्ड माझ्या पाकिटात होतं. मी म्हणालो, "नाही आप्पा, पत्ता नाही." ते म्हणाले, "बरं." बायकोने आणलेला चहा प्यायले, कपबशी धुवायला निघाले, तिने हातातून घेतली. मग गेले.

मी स्वतःला सांगत होतो की म्हातारा आता रशियाची नवी थाप मारतोय. हे सोयीचं होतं. मग ती सोयही गेली.

बायकोचं माहेर दौंडचं. ती माहेराहून यायची होती म्हणून मी दौंड स्टेशनवर गेलो होतो. पुलावर उभा होतो. खाली बाजूच्या रुळांवर मिलिटरीची गाडी लागलेली. दौंडला हे नवीन नाही, सपाट वाघिणींवर ताडपत्री बांधलेले रणगाडे, आणि त्यांच्या सावलीत भांडी घासणारे जवान. एका रणगाड्याची ताडपत्री सोडलेली होती आणि तो मला वरून सबंध दिसत होता. चौकातल्यासारखा नव्हता. बुरूज गोल, पालथ्या परातीसारखा. आणि दुर्बिणीचं तोंड नळीच्या डावीकडे होतं.

मी जिना उतरून फलाटाच्या टोकापर्यंत गेलो. एक जवान आरसा टेकवून दाढी करत होता. बोलण्यावरून आपल्याच बाजूचा वाटला. मी विचारलं, यात गनर कुठं बसतो?

"डाव्या अंगाला," तो म्हणाला. "रशियन गाडी हाय ही. हिचं समदं उलटं. का वो, फौजेत हुता का?"

मी नाही म्हणालो.

बायको आली तेव्हा मी तिथेच उभा होतो. ती म्हणाली, "एवढं काय बघताय?" मी म्हणालो, टँक. ती म्हणाली, "घरी आहे की एक, तो बघा," आणि पिशवी माझ्या हातात दिली. आम्ही पाटसमार्गे घरी आलो. रस्ताभर ती भावाच्या लग्नाचं बोलत होती आणि मी हूं हूं करत होतो.

आप्पा तेव्हा जिवंत होते. चालतेफिरते होते. मला फक्त टपरीवर जाऊन एवढंच म्हणायचं होतं — मी चुकलो, आप्पा बरोबर होते, मी डोळ्यांनी पाहून आलो. पण मग कुणीतरी विचारलं असतं की आप्पा खरोखर गनर होते, तर ते दोरे कुणी लावले? मी तिथेच अडायचो. तोवर लोक मला शिरूरहूनही बघायला यायचे. शाळेत मॉडेल बनवायला शिकवायला बोलवायचे. सव्वीस जानेवारीला पुढच्या खुर्च्यांत बसवायचे. कुणाची खुर्ची होती ती? मी बसत होतो.

उद्या सांगू, उद्या सांगू असं मी म्हणत राहिलो असं नाही. तसं असतं तर जरा बरं दिसलं असतं. मी ठरवलं होतं की सांगायचंच नाही.

दौंडनंतर दोन उन्हाळे आप्पा होते. शेवटी शेवटी ते गावात येत नव्हते, वस्तीवरच असायचे. गेले ते झोपेतच. मी खांदा दिला. गर्दी फार नव्हती.

दशक्रियेनंतर बाळू माझ्याकडे आला. रणगाडा तेव्हा आमच्या पडवीत ठेवलेला होता. बाळूला वडिलांच्या नावाने एस.टी.च्या थांब्यावर सिमेंटचं बाकडं द्यायचं होतं, आपल्याकडे देतात तसं, पाठीवर नाव घालून. काय लिहायचं ते विचारायला आला होता. कारण मी शिकलेला. कारण मला त्यातलं कळतं. तो बराच वेळ रणगाड्याभोवती फिरला. नळीच्या तोंडाला हात लावून म्हणाला, "हे दोरं कसलं रं?"

मी म्हणालो, "शोभेचे आहेत."

त्याने त्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. बापाच्या करदोड्यावरून. मग खाली बसला आणि म्हणाला, "दिलीप, लोक काय बी म्हणत्यात. तू खरं सांग. तुला कळतंय ह्यातलं. आप्पा गनर हुतं का? पाटीवर गनर लिहू का नगं? उगं खोटं लिवलं आन् मेल्यावर बी लोकांनी हसावं, आसं व्हायला नगं."

त्याचं पूर्ण लक्ष माझ्याकडे होतं. तो मी सांगेन ते लिहिणार होता. गनर म्हणालो असतो तर गनर. शंभर माणसांसमोर नव्हतं ते. पडवीत आम्ही दोघंच होतो, आणि आप्पा आता काहीच विचारायला येणार नव्हते.

मी म्हणालो, "नुसतं माजी सैनिक लिही. तेवढं पुरे."

बाळूने मान हलवली. त्याचा चेहरा पडला, पण त्याला वाटलं मी त्याची लाज राखली. उठताना त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "बरं झालं तुला इच्यारलं."

बाकडं थांब्यावर आहे. माजी सैनिक कै. किसन कोकरे यांच्या स्मरणार्थ. अक्षरं लाल रंगात, दोन ओळींत, आणि पहिल्या ओळीत सैनिक या शब्दानंतर मोकळी जागा आहे. गनर हा शब्द तिथे बसला असता. मी मापाने सांगतोय.

कंपनीची बस तिथेच थांबते. पहिली पाळी असली की मी लवकर जातो, आणि बस येईपर्यंत त्या बाकड्यावर बसतो.